एक वीत वारा

खंदकातून लाल निशाण वर आलं आणि सावकाश डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हललं. गोळी कागदाला लागली नाही की निशाण असं हलतं. माझी ही दहावी गोळी होती आणि निशाणही दहाव्यांदा हललं होतं.

"डुबल," पाठीमागून सावर्डेकर साहेब म्हणाले, "चार फूट बाय चार फुटांचा कागद आहे तो. त्याच्यामागे दोन माणूस उंचीचा मातीचा बांध आहे. निदान बांधाला तरी लागली का एखादी?"

मी पालथी पडून होते ती तशीच पडून राहिले. खांद्याला रायफलीचा दणका बसून बसून हात बधिर झाला होता.

"अनुकंपा हाय साहेब," ओळीतून कुणीतरी म्हणालं, "गोळीबी आपनहून लागंल म्हणून वाट बघत असंल."

अख्खी ओळ हसली. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी कुणाला गप्पही केलं नाही.

ही १९८९ च्या जानेवारीतली गोष्ट. कृष्णाकाठच्या आमच्या जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात मी शिपाई म्हणून लागून आठ महिने झाले होते. माझे वडील, शामराव डुबल, त्याच मुख्यालयात हवालदार होते. नोकरीत असतानाच ते काविळीनं गेले आणि त्यांच्या जागी अनुकंपा तत्त्वावर मला घेतलं. माझं नाव रत्नप्रभा, पण ते फक्त हजेरीपटावर. एरवी सगळ्यांच्या तोंडी मी ‘अनुकंपा’. अनुकंपाला बोलव, अनुकंपाची ड्यूटी कुठं लावलीय. त्यातून शस्त्रागाराच्या भिंतीवर एक फळा होता, दर वर्षीच्या सर्वोत्तम नेमबाजाचं नाव लिहिलेला. त्यावर ‘शा. डुबल’ तीनदा होतं. त्या फळ्याखालून रोज जाताना माझी मान आपोआप खाली जायची.

वर्षातून एकदा शहराबाहेरच्या माळावर पोलिसांची चांदमारी व्हायची. लहानपणी मला वाटायचं, वडील खरंच चंद्राला गोळ्या मारायला जातात. संध्याकाळी चंद्र शाबूत दिसला की मी त्यांना चिडवायचे, "चुकला तुमचा नेम." ते म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघ."

"एक महिन्यानं परत ये," सावर्डेकर साहेब म्हणाले. ते राखीव फौजदार, मुख्यालयातल्या कवायतीचे आणि हत्यारांचे सर्वेसर्वा. "परत दहा गोळ्या. चाळीसपैकी पंचवीस गुण पाहिजेत. नाही झाले तर रायफल विसरायची. टपाल शाखेत जागा आहे, तिथं निवृत्तीपर्यंत पाकिटं चिकटव. शामरावच्या मुलीला मला हे सांगावं लागतंय."

"साहेब, मधे सराव?"

"सरकार वर्षाला दहा गोळ्या देतं. तुला वीस मिळतायत. अजून काय पाहिजे?"

ज्याचा त्याचा कागद ज्यानं त्यानं घेऊन यायची पद्धत होती. मी तीनशे यार्ड चालत खंदकापाशी गेले. माझा कागद कोराच होता, तरी तो आणायचाच होता.

खंदकात मगदूमतात्या होते. वाळकुटे, साठीला आलेले, डोक्याला मुंडासं, कानामागे तांबडी पेन्सिल. खंदकात उभं राहून लाकडी चौकटी वरखाली करायच्या, कुठं भोक पडलं ते काठीच्या पांढऱ्या थाळीनं दाखवायचं, चुकली तर निशाण हलवायचं आणि भोकांवर खळीनं कागदाच्या चकत्या चिकटवायच्या, हे त्यांचं काम. माणूस शेजारच्याच वाडीचा. त्यांनी माझा कोरा कागद गुंडाळून माझ्या हातात दिला.

"डोळं मिटतीस तू," ते म्हणाले.

"काय?"

"बार काढताना. डोळं गच्च मिटतीस आन् खांदा म्होरं ढकलतीस."

मी मागं वळून पाहिलं. माणसं मुंगीएवढी दिसत होती. आणि हे तर खंदकात, जमिनीच्या खाली.

"तात्या, तुम्हाला इथनं काय दिसणार?"

"दिसत न्हाई. ऐकू येतंय." त्यांनी बोट वर केलं. "डोळं उघडं असलेल्याच्या गोळ्या एकामागनं एक एकाच वाटंनं जात्यात. तुझ्या दहा गोळ्या दहा वाटंनं गेल्या. तिसरी त्या उंबराच्या फांदीत बसली. जा, बघून ये."

मला वाटलं चेष्टा करतायत. तरी परतीच्या वाटेवर बांधाला वळसा घालून उंबरापाशी गेले. खालच्या फांदीवर पांढरा ओला ओरखडा होता आणि चीक गळत होता. मी तो बोटानं पुसून पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दारात. गोठ्यात शेण भरत होते.

"मला शिकवा."

"माझ्याकडं ना बंदूक, ना गोळी."

"माझ्याकडंही नाही."

त्यावर ते हसले. पाटी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "डोळं मिटायचं खूळ तुझं तू घालीव, त्याला गोळी लागत न्हाई. बाकीचं आपण लोकांच्या गोळ्यांवर शिकू."

डोळे मिटायचं खूळ घालवायला शस्त्रागाराचे अत्तार हवालदार कामी आले. वडिलांचे जुने दोस्त. रोज सकाळी कवायतीच्या आधी तासभर ते मला शस्त्रागाराच्या आवारात रिकामी रायफल द्यायचे, सही करून घेऊन. भिंतीवर खडूनं एक ठिपका. मी पालथी पडून नेम धरायची आणि अत्तारचाचा नळीच्या टोकाला एक रिकामं काडतूस उभं करून ठेवायचे. घोडा ओढला की खटकन आवाज व्हायचा आणि काडतूस फरशीवर टणटणत जायचं.

"पडलं," चाचा म्हणायचे. "पुन्हा."

पहिल्या दिवशी ते साठ वेळा पडलं. आईनं माझ्या जुन्या स्वेटरच्या कोपरांना आणि उजव्या खांद्याला वाकळेचे तुकडे शिवून दिले, कारण कोपरं सोलवटून निघाली होती. बाराव्या दिवशी ते काडतूस पहिल्यांदा उभं राहिलं. घोडा पडला, खटका वाजला आणि पितळेचं ते बोटभर नळकांडं जागचं हललं नाही. चाचांनी ते उचलून माझ्या खिशात टाकलं. "शामरावला बावीस दिवस लागले होते," ते म्हणाले. हे खरं की मला बरं वाटावं म्हणून, ते कधी कळलं नाही.

लोकांच्या गोळ्यांवर शिकायचं म्हणजे काय, ते मला पहिल्या रविवारी कळलं. जानेवारी-फेब्रुवारीत त्या माळावर कुणी ना कुणी असायचंच. होमगार्ड, कॉलेजची मुलं, जंगलखातं. तात्या रोजंदारीवर सगळ्यांचे. मी साप्ताहिक सुट्टी आणि साठवलेल्या रजा घालवून त्यांच्याबरोबर खंदकात उतरायला लागले.

पहिली गोळी डोक्यावरून गेली तेव्हा मी मटकन खाली बसले. आवाज लांबून येईल असं वाटलं होतं. तो आला थेट माथ्यावर, वाळलेलं कापड टर्रकन फाडावं तसा, आणि मग कुठंतरी मागाहून बंदुकीचा धप् असा मंद बार. गोळी आवाजाच्या आधी पोचते हे पुस्तकात वाचलं होतं. पण डोक्यावरून मरण निघून गेल्यावर त्याचा आवाज मागून येतो, हे तिथं कळलं.

"ऊठ," तात्या म्हणाले. "सांग, कुठं बसली?"

"मला काय माहीत? चौकट खाली घ्या, बघू."

"बघून कुनीबी सांगंल. आधी कानानं ऐकायचं, मग मागं बांधाची माती कुठं उडाली ते बघायचं आन् मग कागद. डावीकडं, काळ्याला चिकटून, वर."

चौकट खाली आली. डावीकडे, काळ्या गोलाला चिकटून, वर. जणू त्यांनीच बोटानं पाडलेलं भोक.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. पुढची गोळी आली. "खाली, मधोमध." तिसरी. "ह्यो गडी हसतोय कुनाशीतरी, लई लांब गेली." निशाण. त्या दिवशी दोनशेवर गोळ्या आमच्या डोक्यावरून गेल्या आणि तात्या चार ठिकाणीच चुकले. मी तीन ठिकाणी बरोबर आले. संध्याकाळी घरी जाताना अंगात ताप आल्यासारखं झालं होतं. आपण काहीतरी अद्भुत पाहिलंय आणि त्या माळावर ते आणखी कुणालाच ठाऊक नाही, या विचारानं मला रात्री जेवणही गेलं नाही.

मग त्यांनी वारा दाखवायला सुरुवात केली.

माळाच्या डाव्या अंगाला ऊस होता, पुरुषभर वाढलेला आणि तुरे आलेला. शेतकऱ्याला तुरा म्हणजे डोक्याला ताप, उसाचं वजन उतरतं. तात्यांना मात्र ते पांढरे तुरे जीव की प्राण.

"गोळीला वारा लागतो," ते म्हणाले. "हितनं तिथवर जाईस्तवर वारा तिला ढकलतो. किती ढकलतो, ते तुरा सांगतो. तुरा मान डोलवायला लागला की चार बोटं. मान टाकली, आडवा झाला, की एक वीत. वीतभर वाऱ्याकडं नेम द्यायचा. वारा डावीकडनं आला तर डावीकडं. मग गोळी आपल्या पायानं मधी येती."

पुस्तकात याचे तक्ते असतात, वेग, कोन, अंतर. मी पुढे बऱ्याच वर्षांनी ते पाहिले आणि हिशेब करून बघितला. वीतभरच निघाला.

पंधरा दिवसांत मला तुऱ्यावरून बोटं सांगता यायला लागली. डोक्यावर फाटलेल्या आवाजावरून डावं-उजवंही कळायला लागलं. पण माझ्या स्वतःच्या हातात गोळी नव्हती, आणि जसजसा महिना सरत आला तसतसं मला टपाल शाखेतलं ते टेबल, डिंकाची बाटली, सगळं स्वप्नात दिसायला लागलं. अशाच एका दुपारी मी तात्यांच्या कानामागच्या पेन्सिलीकडे बघत होते. ती पेन्सिल ते मोजलेल्या भोकांवर खूण करायला वापरायचे. थ्री-नॉट-थ्रीची गोळी आणि पेन्सिल, दोन्हींची जाडी जवळपास सारखीच असते.

"तात्या," मी म्हणाले, "माझ्या वेळेला एखाद-दुसरं भोक जास्त निघालं तर कुणाला कळणार आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चकती चिकटवली, अंगठ्यानं दाबली, खळीचं डबडं झाकलं.

"उद्यापास्नं येऊ नगंस."

मी दुसऱ्या दिवशी गेलेच. जाणार नाही तर काय करणार? त्यांनी हाकललं नाही, पण दिवसभर एक शब्द बोलले नाहीत. कुठं बसली, असंही विचारलं नाही. मी मुकाट्यानं चकत्या चिकटवत राहिले. डोक्यावरून गोळ्या जात होत्या आणि मला आतून इतकी लाज वाटत होती की वर बघवेना. दिवस कलला, शिट्टी झाली, माणसं गेली. तेव्हा ते म्हणाले, "तुझा बा सतरा वर्सं हितं येत हुता. माझ्या पेन्सिलीकडं त्यानं कधी बघितलं न्हाई."

"चुकलं माझं, तात्या."

"साहेब लोक तिकडं, लांब. त्यांना काय दिसतंय? हितनं थाळी वर केली की त्यांनी मान हलवायची. सगळी चांदमारी ह्या खड्ड्यातल्या मानसावर उभी हाय. ह्यो खोटं बोलला तर ह्या माळावर समदंच खोटं." ते थांबले. "उद्या लवकर ये. वारं उलटणार हाय."

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी माळावर पोचले आणि मला रडूच फुटलं. ऊस नव्हता. आदल्या तीन दिवसांत कारखान्याची टोळी येऊन सगळा फड तोडून गेली होती. डाव्या हाताला नुसतं पाचट पसरलेलं, त्यावर बगळे. माझं सगळं शिक्षण बैलगाड्यांत भरून कारखान्याला गेलं होतं.

तात्या खंदकाकडे निघाले होते. मी धावत त्यांना गाठलं.

"तात्या, तुरे गेले. आता वारा कशावर बघू?"

त्यांनी ओसाड फडाकडे पाहिलं. "नंबर कितवा तुझा?"

"शेवटचा, उरलेल्या तुकडीच्या मागून. अकरा-साडेअकरा होतील."

"मग बरं हाय. ऊन चढंल." ते म्हणाले. "पालथी पडल्यावर घाई करू नगं. कागदाच्या बुडाशी बघ. तितं पाणी दिसंल. पाणी कुनीकडं चाललंय ते बघ. मळ्यात पाटाच्या पाण्याला दारं धरलीस न्हवं कधी? तसंच."

एवढं बोलून ते गेले. त्यांना खंदकात उतरायचं होतं, उशीर चालत नसे.

साडेअकराला माझं नाव पुकारलं. वाकळेचे तुकडे लावलेला स्वेटर बघून ओळीत खसखस पिकली. "अनुकंपा गोधडी घेऊन झोपायला आली," कुणीतरी म्हणालं. मी पालथी झाले. रायफल खांद्याला लावली. समोर तीनशे यार्डांवर तळहाताएवढा कागद आणि त्यात काळा ठिपका. वारा होता, कानाला लागत होता, पण माझ्या कानाजवळचा वारा आणि कागदाजवळचा वारा वेगळा असतो हे मी आता शिकले होते.

"डुबल, झोप लागली का?" साहेब म्हणाले.

मी कागदाच्या बुडाशी बघत होते. माळाची तापलेली जमीन, काळी ढेकळं, वाळलेलं गवत. काही नाही. आणखी बघितलं. आणि मग ते दिसलं. जमिनीवर काचेसारखं काहीतरी थरथरत होतं. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दिसतं ते मृगजळ. आजवर मी ते पाहिलं होतं, पण ते नुसतं हलतं असं वाटायचं. आता गाल जमिनीलगत ठेवून पाहिलं तेव्हा कळलं की ते हलत नव्हतं, वाहत होतं. उजवीकडून डावीकडे, पाटातल्या पाण्यासारखं, बारीक लाटा घेऊन, एका दमानं. मधेच संथ व्हायचं, मग पुन्हा धार धरायची.

मी वारा बघत होते. वारा डोळ्यांनी दिसतो हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आणि तो समोर वाहत होता, सगळ्या माळावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, रोज. आपण किती मोठ्या गोष्टीच्या मधोमध पालथे पडलोय, असं वाटलं आणि भीती कुठल्या कुठे गेली.

पाणी जोरात होतं. वारा उजवीकडून, एक वीत. मी काळ्या ठिपक्याच्या उजवीकडे वीतभर नेम दिला, मनात नळीवर ते काडतूस उभं केलं आणि घोडा ओढला.

खंदकातून पांढरी थाळी वर आली आणि काळ्यावर येऊन थांबली. चार गुण.

मागची कुजबुज बंद झाली. दुसरी, काळ्याच्या कडेला, तीन. तिसरी चार. चौथीला पाणी संथ झालं होतं ते मी पाहिलं नाही. थाळी उजवीकडे दूर गेली, दोन. मग मी थांबले, पाणी पुन्हा धार धरेपर्यंत. दहावी गोळी झाली तेव्हा बेरीज तेहतीस होती.

मी उठून उभी राहिले. अत्तारचाचा खाली वाकून रिकामी काडतुसं वेचत होते, त्यांचे डोळे भरले होते.

"चाचा," मी म्हणाले, "तात्यांचा नेम तरुणपणी कसा असेल हो?"

चाचांनी मान वर केली. "मगदूमचा? त्यानं कधी गोळी झाडलीय?"

"म्हणजे?"

"अगं, रोजंदारीचा माणूस. सव्वीस वर्षं त्या खंदकात आहे. त्याच्या हातात रायफल कोण देणार? इथं उभा राहून त्यानं कधी तो कागदसुद्धा पाहिला नसेल."

मी तीनशे यार्डांपलीकडच्या त्या खड्ड्याकडे बघतच राहिले. मी त्यांना निवृत्त फौजी समजत होते. विचारलं कधीच नव्हतं. वारा, बोटं, वीत, पाणी, हे सगळं त्या माणसानं जमिनीखाली उभं राहून, लोकांच्या गोळ्या ऐकून आणि बार थांबले की खंदकाच्या काठावरून माळ न्याहाळून गोळा केलं होतं.

"डुबल," साहेब जवळ आले. पहिल्यांदाच ते हसत होते. "फळ्यावर नाव नाही लागायचं तेहतिसात. पण टपाल शाखा तुला मिळत नाही, ते विसर. बोल, काय पाहिजे?"

"एक गोळी, साहेब."

"अजून एक? कशाला?"

"मला नको. मगदूमतात्यांना."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. बाहेरच्या माणसाला सरकारी गोळी! ते चाचांकडे वळले. एक शिपाई तापानं आला नव्हता, त्याच्या दहा गोळ्या चाचांकडे परत जमा करायच्या होत्या. साहेबांनी खंदकाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"मी चहा घ्यायला चाललोय," ते म्हणाले. "त्या झाडाखाली. पाठ इकडं असेल माझी. अत्तार, दस्तात काय लिहायचं ते मी बघेन. तू त्याच्या शेजारी बस. पण खंदकात कोण?"

"मी," मी म्हणाले.

माळाच्या मधोमध आमची गाठ पडली. निरोप घेऊन गेलेल्या शिपायाचं तात्यांना खरं वाटत नव्हतं. त्यांचे हात खळीनं पांढरे झाले होते. ते त्यांनी धोतराला पुसले, पुन्हा पुसले.

"पोरी, ही चेष्टा बरी न्हवं."

"चेष्टा नाही, तात्या. निशाण द्या. पेन्सिल द्या."

त्यांनी दोन्ही दिलं. मग घोगऱ्या आवाजात विचारलं, "वारं?"

सव्वीस वर्षांत वारा सांगणाऱ्यानं पहिल्यांदा कुणाला विचारला असेल.

"उजवीकडून. एक वीत. पण संथ होतंय मधेमधे. थांबा आणि बघा."

"थांबतो," ते म्हणाले आणि लगबगीनं चालायला लागले.

मी खंदकात उतरले. कोरा कागद लावून चौकट वर चढवली. पेन्सिल कानामागे खोचली. किती वेळ गेला कळलं नाही. ते पाणी बघत असणार. सव्वीस वर्षं ज्या बाजूनं बघायला मिळालं नाही त्या बाजूनं.

आणि माथ्यावर कापड फाटलं.

मी कान टवकारले. उजवीकडे. खाली. आवाजानंच सांगितलं. मागं बांधाची माती उजव्या कोपऱ्यातून घसरली. मी चौकट खाली ओढली. कागद कोरा. पुन्हा पुन्हा पाहिला. उजव्या बाजूच्या लाकडी खांबाला, अगदी तळाशी, ताजा पांढरा चरा होता. कागदापासून बोटभर बाहेर.

मी पेन्सिल हातात घेतली. एक टोच. काळ्या गोलाच्या मधोमध. वरून कुणालाही काहीही दिसणार नव्हतं. साहेबांची पाठ. चाचांचं वय झालेलं. त्या माणसाला आयुष्यात एक गोळी मिळाली होती आणि दुसरी मिळणार नव्हती. कागदाला टोक टेकेल इतक्या जवळ मी पेन्सिल नेली.

मग मी ती कानामागे खोचली. निशाण उचललं आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलवलं. रडत रडत हलवलं.

वर परत येईपर्यंत मला तीनशे यार्ड तीन कोसांसारखे वाटले. त्यांना काय तोंड दाखवू? पण लांबूनच पाहिलं तर तात्या पालथे होते ते उठून बसले होते आणि मांडीवर थापा मारून हसत होते. सावर्डेकर साहेब चहाचा कप घेऊन शेजारी उभे, आणि त्यांनी टोपी काढलेली.

"डुबल," अत्तारचाचा म्हणाले. "बार झाला आणि धूर निघायच्या आत हा म्हणाला, वारं बरोबर धरलं हुतं हवालदार, बोटानं घात केला. उजवीकडं, बुडाशी, खांबाला चाटून बाहेर गेली. तुझं निशाण मग वर आलं. कुठं लागलीय?"

"उजवीकडे," मी म्हणाले. "बुडाशी. खांबाला चाटून. बोटभर बाहेर."

साहेबांच्या कपातला चहा तसाच होता.

तात्यांनी हात पुढे केला. मी पेन्सिल दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरली, टोक अंगठ्यावर घासून पाहिलं, कागदाचा भुस्सा लागलाय का ते उन्हात फिरवून पाहिलं. टोक सकाळी होतं तसंच होतं.

"ही आता तुझी," ते म्हणाले आणि माझी टोपी जरा सरकवून त्यांनी ती माझ्या कानामागे खोचली.